फजल अत्राचली : भारताचं सोनं हिसकावणारा इराणी, मुंबई-पुण्याचा लाडका ‘सुलतान’

२३ ऑगस्ट २०१८. जकार्ता. आशियाई स्पर्धेच्या पुरुष कबड्डीची उपांत्य फेरी. समोर इराण.

१९९० मध्ये बीजिंगला कबड्डी पहिल्यांदा आशियाई स्पर्धेत आली, तेव्हापासून २०१४ पर्यंत सातच्या सात सुवर्णपदकं भारतानं आणली होती. कबड्डीचं सोनं म्हणजे आपल्याच कपाटात ठेवलेली वस्तू, असा सगळ्यांचा समज झालेला. त्या दिवशी फलक थांबला तेव्हा त्यावर आकडे होते इराण २७, भारत १८. दुसऱ्या दिवशी इराणनं दक्षिण कोरियाला २६-१६ असं हरवून सुवर्ण नेलं आणि भारताच्या वाट्याला कांस्य आलं.

त्या इराणी बचावफळीत डाव्या कोपऱ्यावर एक गडी उभा होता. फजल अत्राचली.

आता गंमत बघा. या सामन्यानंतर दीड महिन्यानं, ७ ऑक्टोबर २०१८ ला चेन्नईत प्रो कबड्डीच्या सहाव्या हंगामाची सुरुवात झाली. पहिल्याच दिवशी यू मुंबा विरुद्ध पुणेरी पलटण, म्हणजे महाराष्ट्राची आपसातली लढत. पुण्याचा कर्णधार होता ठाणे जिल्ह्याचा गिरीश इरनाक. तो जकार्त्यात भारताच्या संघात होता. आणि मुंबईचा कर्णधार? फजल अत्राचली. सामना ३२-३२ असा बरोबरीत सुटला आणि दीड महिन्यापूर्वी ज्याला शिव्या घातल्या, त्याच्याच पकडींवर मुंबईकर टाळ्या वाजवत होते.

हा माणूस नक्की आहे कोण, आणि महाराष्ट्रानं त्याला एवढं का डोक्यावर घेतलं?

आधी कोपरा म्हणजे काय ते समजून घेऊ

महाड-पोलादपूरकडच्या वाचकांना हे सांगायची गरज नाही. कापड्यापासून उमरठपर्यंत कुठल्याही वाडीत भातकापणी झाली की रिकाम्या शेतात चुन्याच्या रेषा पडतात, आणि कोपऱ्यावर कोणाला उभं करायचं यावर मैदानाबाहेरच निम्मा सामना होतो. पण ज्यांनी कबड्डी फक्त टीव्हीवर किंवा रीलमध्ये पाहिली, त्यांच्यासाठी थोडं सविस्तर.

कबड्डीत सात जण बचावाला उभे असतात आणि समोरून एकटा चढाई करायला येतो. त्याच्याकडे ३० सेकंद असतात. सात जणांपैकी दोन टोकांना उभे असतात ते डावा आणि उजवा कोपरारक्षक. त्यांच्या आतल्या बाजूला मध्यरक्षक वगैरे. चढाई करणारा बोनस रेषेकडे पाय टाकतो तेव्हा मागचा पाय हवेत असावा लागतो. म्हणजे क्षणभर त्याचा सगळा भार एका पायावर असतो. तो वळतो तेव्हाही तसंच. कोपरारक्षक हाच क्षण हेरतो. खाली झेपावून घोटा धरायचा, किंवा मांडीला मिठी मारायची, आणि बाकीचे येऊन झाकेपर्यंत सोडायचं नाही.

ऐकायला सोपं आहे. पण अर्धा सेकंद लवकर उडी मारली तर चढाई करणारा पाय काढून घेतो, अंगाला लागलेल्या हाताचा गुण घेऊन परत जातो आणि तुम्ही मैदानाबाहेर. अर्धा सेकंद उशीर झाला तर तो मध्यरेषेपलीकडे.

हिशेबही बचावपटूच्या विरोधातच जातो. चढाईत एका दमात दोन, तीन, चार गुण मिळू शकतात. पकडीला मात्र एकच. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना पकड झाली तर ती ‘अव्वल पकड’ आणि तिचे दोन गुण. बस. त्यामुळे प्रो कबड्डीत परदीप नरवालच्या नावावर चढाईचे १८०० हून जास्त गुण दिसतात, तर पकडीचे ५०० गुण हा आकडा गाठायला दहापेक्षा जास्त हंगाम जावे लागले. तो पहिल्यांदा गाठला फजलनं.

अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये बचावासाठी खेळाडूंची अख्खी वेगळी फळी असते. डोक्याला हेल्मेट, खांद्यावर पॅड, आणि आपला संघ आक्रमणाला गेला की ही मंडळी बाहेर बसतात. कबड्डीतल्या बचावपटूच्या अंगावर फक्त जर्सी असते. समोरून ऐंशी किलोचा माणूस धावत आला तरी त्याच्या पायाशी डोकं घालायचं, आणि हे चाळीस मिनिटं.

कुस्तीच्या देशातून

फजलचा जन्म १९९२ चा, इराणच्या गोलेस्तान प्रांतातला. हा प्रांत देशाच्या उत्तरेला, कॅस्पियन समुद्राच्या आग्नेय कोपऱ्यात, तुर्कमेनिस्तानच्या सीमेला लागून आहे. गोरगान ही त्याची राजधानी. इराणच्या कबड्डीचं घर म्हणजे हाच भाग. २०१७ ची आशियाई अजिंक्यपद कबड्डी स्पर्धाही याच गोरगानला झाली.

इराण हा कुस्तीवेडा देश. ऑलिम्पिकमधली त्यांची बरीचशी पदकं कुस्तीतली. पायात शिरायचं, कंबर धरायची, समोरच्याचा तोल कुठल्या पायावर आहे ते त्याच्या आधी ओळखायचं, हे तिथं पोरांच्या अंगातच असतं. आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीच्या तालमीतली पोरं कबड्डीत आली की त्यांची पकड वेगळी दिसते, तसंच काहीसं. म्हणून इराणचे चढाई करणारे कधी चमकतात, कधी नाही, पण बचाव मात्र पहिल्यापासून पोलादी.

२०१४ ला इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत याची चुणूक दिसली. अंतिम सामन्यात मध्यंतराला इराण चांगलाच पुढे होता. भारतानं कसाबसा २७-२५ असा सामना काढला. दोन गुणांनी. फजल त्या संघात होता. तेव्हा आपल्याकडे बहुतेकांनी ‘सोनं आलं ना’ म्हणून विषय सोडून दिला. धोक्याची घंटा खरं तर तिथंच वाजली होती.

मुंबईतला पहिला मुक्काम

२०१४ मध्येच प्रो कबड्डी सुरू झाली. मातीतला खेळ मॅटवर आला, संध्याकाळी टीव्हीवर आला आणि परदेशी खेळाडूंना दार उघडलं. २०१५ च्या दुसऱ्या हंगामात यू मुंबानं फजलला घेतलं.

तेव्हाची यू मुंबा म्हणजे अनुप कुमारची मुंबा. बचावात मोहित छिल्लर, सुरेंदर नाडा, जीवा कुमार आणि आपला विशाल माने. अशा संघात तेवीस वर्षांच्या परदेशी पोरानं जागा मिळवणं सोपं नव्हतं. पण अनुपसारखा थंड डोक्याचा कर्णधार रोज समोर दिसणं ही शिकवणीच होती. त्या हंगामात वरळीच्या एनएससीआय डोममध्ये यू मुंबानं बंगळुरू बुल्सला ३६-३० असं हरवून विजेतेपद मिळवलं. यू मुंबाचं ते पहिलं विजेतेपद, आणि फजलचंही.

पुढच्या हंगामात यू मुंबा अंतिम फेरीत पाटणा पायरेट्सकडून हरली. चौथ्या हंगामात फजल त्याच पाटण्याकडे गेला आणि तिथं खऱ्या अर्थानं त्याचं नाव झालं. पकडीचे ५२ गुण, हंगामातला सर्वोत्तम बचावपटू हा मान आणि वर दुसरं विजेतेपद. लोकांनी त्याला ‘सुलतान’ म्हणायला सुरुवात केली, ते नाव आजतागायत चिकटलंय.

त्याच वर्षी, ऑक्टोबर २०१६ मध्ये अहमदाबादला विश्वचषक झाला. अंतिम सामना पुन्हा भारत-इराण. मध्यंतराला पुन्हा इराण पुढे, १८-१३. मग अजय ठाकूर पेटला आणि भारतानं ३८-२९ नं चषक जिंकला. (जाता जाता, त्या विश्वविजेत्या भारतीय संघात महाराष्ट्राचा एकही खेळाडू नव्हता. ज्या राज्यात पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं या खेळाला नियम दिले, ज्या राज्यात बुवा साळवींचा जन्मदिन म्हणून १५ जुलैला कबड्डी दिन साजरा होतो, त्या राज्याला ही गोष्ट फार लागली होती.)

एक कोटीचा बचावपटू

पाचव्या हंगामात फजल गुजरातकडून खेळला. जोडीला दुसऱ्या कोपऱ्यावर त्याचाच देशबांधव अबोझार मिघानी. दोन्ही कोपऱ्यांवर दोन इराणी, आणि मध्ये कोण येतोय ते बघू, असा सगळा मामला. गुजरात पहिल्याच हंगामात थेट अंतिम फेरीत पोचला. तिथं परदीप नरवालच्या पाटण्यापुढे मात्र या भिंतीलाही तडे गेले, निकाल ५५-३८.

मग आला मे २०१८ चा लिलाव. तोपर्यंत प्रो कबड्डीत एक कोटीची बोली कुणावरही लागली नव्हती. फजलचं नाव पुकारलं गेलं, हात वर होत गेले आणि यू मुंबानं त्याला एक कोटी रुपयांना उचललं. लीगच्या इतिहासातला पहिला कोट्यधीश खेळाडू एक बचावपटू निघाला, तोही परदेशी. पुढे त्याच लिलावात मोनू गोयतनं १ कोटी ५१ लाखांवर जाऊन हा आकडा मागे टाकला, पण ‘पहिला’ हा शब्द फजलकडेच राहिला.

बचावपटूंसाठी ही छोटी गोष्ट नव्हती. पोस्टरवर चढाई करणारा, जाहिरातीत चढाई करणारा, गावच्या स्पर्धेत बक्षिसाची मोटारसायकलसुद्धा बहुतेक वेळा चढाई करणाऱ्यालाच. पकड करणाऱ्याची किंमत कळते ती शेवटच्या दोन मिनिटांत, आणि सामना संपला की विसरली जाते. त्या दिवशी पहिल्यांदा बाजारानं ती किंमत आकड्यात मांडली.

यू मुंबाचे प्रशिक्षकही तेव्हा इराणचेच होते, गुलामरेझा माझंदरानी. कर्णधार फजल. मुंबईच्या संघाची सूत्रं दोन इराणी माणसांच्या हातात होती आणि दोघांत मध्ये भारताचा जकार्त्यातला पराभव येऊन गेला. लोक स्वीकारतील का, हा प्रश्न होताच. मैदानावर तो उरला नाही. सहाव्या हंगामात फजलनं पकडीचे ८३ गुण घेतले. बाद फेरीत यूपी योद्धानं यू मुंबाला घरी पाठवलं, तो भाग वेगळा. सातव्या हंगामात त्यानं ८२ गुण घेतले आणि पुन्हा सर्वोत्तम बचावपटू ठरला. उपांत्य फेरीत बंगाल वॉरियर्सनं यू मुंबाला ३७-३५ असं हरवलं. फक्त दोन गुणांनी.

एव्हाना फजल हिंदीत बोलायला लागला होता. मोडकं-तोडकं, पण न अडखळता. वेळ मागून घेतली की मैदानावर पोरांना हिंदीतच झापायचा, मुलाखतीही हिंदीतच द्यायचा. कोकणातून मुंबईत आलेल्या, मंडळाच्या जर्सीत कबड्डी खेळत मोठ्या झालेल्या प्रेक्षकाला आणखी काय पाहिजे?

जकार्त्यात त्या दिवशी नेमकं काय झालं

पुन्हा ऑगस्ट २०१८ कडे वळू, कारण त्या पराभवाचा अर्थ लावायला बरीच वर्षं गेली.

भारत गटातच दक्षिण कोरियाकडून २४-२३ असा हरला होता. म्हणजे उपांत्य फेरीत उतरतानाच अपराजित असल्याचं कवच निघून गेलं होतं. संघात परदीप नरवाल, राहुल चौधरी, अजय ठाकूर, रोहित कुमार, रिशांक देवाडिगा असे नामांकित चढाई करणारे. पण हे सगळे प्रो कबड्डीत फजल आणि अबोझारसमोर वर्षानुवर्षं खेळलेले. कोण कुठल्या पायावर वळतो, बोनससाठी कोण कधी झेपावतो, दम संपत आला की कोण घाई करतो, हे सगळं इराण्यांना पाठ होतं. भारतानं स्वतःच्या लीगमध्ये, स्वतःच्या पैशानं त्यांना ही ओळख करून दिली होती. चढाया सुरू झाल्या आणि एकामागून एक अडकत गेल्या. कर्णधार अजय ठाकूर जखमी झाला, तेव्हा उरलीसुरली आशाही गेली.

यावर दोन मतं तेव्हाही होती, आजही आहेत. एक, परदेशी खेळाडूंना लीगमध्ये घेऊन आपण आपल्याच पायावर धोंडा मारला. दुसरं, समोर तगडा प्रतिस्पर्धी नसेल तर खेळ जगभर जाणार कसा आणि ऑलिम्पिकचं नाव तरी कशाला घ्यायचं? पहिलं मत मांडणाऱ्यांना त्याच स्पर्धेतली आणखी एक गोष्ट सांगावी लागते. महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणनं भारताला २७-२४ असं हरवलं, आणि त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. ज्ञान दोन्ही बाजूंनी वाहत होतं. महाराष्ट्रातली एक बाई इराणला जाऊन मुलींना घडवते आणि इराणचा एक गडी मुंबईत येऊन पोरांना घडवतो, यातलं एक चालेल आणि दुसरं नको, असं कसं म्हणणार?

मुंबईहून पुण्याला

आठवा हंगाम करोनामुळे बंगळुरूतल्या एकाच ठिकाणी, प्रेक्षकांविना झाला. यू मुंबाची गाडी रुळावरून घसरली आणि बाद फेरीही हुकली. २०२२ च्या लिलावात यू मुंबानं नव्हे, पुणेरी पलटणनं फजलवर बोली लावली. १ कोटी ३८ लाख. जोडीला मोहम्मद नबीबक्ष.

मुंबईचा लाडका पुण्याला जाणं म्हणजे काय, हे दोन्ही शहरांतल्या लोकांना वेगळं सांगायला नको. पण पुण्याच्या संघात त्याचं काम निराळं होतं. अस्लम इनामदार, आकाश शिंदे, पंकज मोहिते अशी विशी-बाविशीतली मराठी पोरं चढाईला होती. फजल त्यांचा कर्णधार आणि सगळ्यात अनुभवी माणूस. याच हंगामात त्यानं मनजित छिल्लरला मागे टाकून लीगमध्ये पकडीचे सर्वाधिक गुण मिळवण्याचा विक्रम आपल्या नावावर केला. पुणेरी पलटण पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोचली. १७ डिसेंबर २०२२, स्थळ पुन्हा मुंबईचा तोच डोम. जयपूर पिंक पँथर्सनं ३३-२९ नं सामना जिंकला.

पुढच्या लिलावात पुण्यानं फजलऐवजी त्याच्याच देशाच्या, त्याच्याच डाव्या कोपऱ्यावर खेळणाऱ्या मोहम्मदरेझा शादलुईवर २ कोटी ३५ लाख लावले. शादलुईनं आठव्या हंगामात पाटण्याकडून पकडीचे ८९ गुण घेतले होते. फजल १ कोटी ६० लाखांना गुजरातला गेला. आणि पुण्यानं तो हंगाम जिंकला. ज्या पोरांना फजलनं अंतिम फेरीपर्यंत आणलं, त्यांनी चषक उचलला तेव्हा फजल त्यांच्यात नव्हता. धंद्याचा खेळ आहे, चालायचंच. पण वाईट वाटायचं ते वाटतंच.

हांगझोऊचा तो एक तास

या दोन हंगामांच्या मध्ये, ७ ऑक्टोबर २०२३ ला, हांगझोऊत आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना झाला. भारत आणि इराण. एका बाजूला फजल आणि शादलुई. दुसऱ्या बाजूला दहा महिन्यांपूर्वी फजलच्या हाताखाली खेळलेले अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे.

सामना संपायला मिनिट-दीड मिनिट उरलेलं, गुण २८-२८. पवन सेहरावतची ‘करो या मरो’ चढाई. तो कुणालाही हात न लावता बाजूच्या राखीव पट्ट्यात गेला आणि त्याला रोखायला इराणचे बचावपटू त्याच्यामागे त्याच पट्ट्यात घुसले. आता बाद कोण? फक्त पवन, की त्याच्यामागे गेलेले सगळे? जुना नियम एक सांगतो, नवा दुसरं. पंचांनी आधी एक निर्णय दिला, मग फिरवला, मग पुन्हा चर्चा. आधी एक संघ मॅटवर बसला, मग दुसरा. जवळपास तासभर सामना थांबला. अखेर निर्णय भारताच्या बाजूनं झुकला आणि ३३-२९ नं सुवर्ण परत आलं.

भारतात फटाके फुटले. इराणमध्ये हा सामना आजही जिंकलेला मानला जात असेल तर त्यांना फार दोष देता येणार नाही. नियमाच्या बाजूनं भारत बरोबर असेलही, पण अंतिम सामन्यात पंचांनाच नियम ठाऊक नसावा, ही त्या खेळाची बदनामी होती.

उतार, आणि मग…

अकराव्या हंगामात फजलची किंमत घसरून ५० लाखांवर आली. बंगालनं त्याला घेतलं. वय बत्तीस. सतत लोकांच्या पायात डोकं घालणाऱ्यासाठी हे वय बरंच झालं. पकडीचे ५०० गुण त्यानं याच हंगामात पूर्ण केले, पण बंगालचा संघ तळाकडेच राहिला. आता सुलतान थांबणार, असं समाजमाध्यमांवर बऱ्याच जणांनी लिहून टाकलं.

बाराव्या हंगामात तो दबंग दिल्लीच्या जर्सीत दिसला. ३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये दिल्लीनं अंतिम सामना ३१-२८ असा जिंकला आणि दहा वर्षांपूर्वी वरळीत पहिला चषक उचललेल्या फजलला तिसरा चषक मिळाला. मुंबा, पाटणा, दिल्ली, तीन वेगळ्या संघांकडून.

अंतिम सामन्यात हरलेला संघ होता पुणेरी पलटण. कर्णधार अस्लम इनामदार.